९ एप्रिलच्या आत

सकाळी सहा

नोव्हेंबरात ताडकळसला सहाला नीट उजाडत नाही, पण माझ्या दुकानाच्या पायरीवर तोवर चार-दोन पिशव्या आणि एखादा चपलांचा जोड नंबराला लागलेला असतो. माणूस चहाला गेलेला, नंबर पिशवीचा. आज सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत उद्या संपायची आहे, त्यामुळं पिशव्या शेजारच्या टपरीपर्यंत गेल्यात.

दुकान म्हणजे मल्टिसर्व्हिसेस. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशिन, इन्व्हर्टर, भिंतीवर दरपत्रक. सातबारा, पीकविमा, फार्मर आयडी, उत्पन्नाचे दाखले, सरकारी केंद्रावर कापूस घालायचा तर त्यासाठी यंदा आलेल्या ‘कपास किसान’ ॲपवरची नोंदणी. त्यात गेल्या काही वर्षांत एक नवं गिऱ्हाईक वाढलंय: ज्यांची पोरं पुण्याला गेली आणि पुण्याहून आणखी पुढं गेली, त्यांचे आईबाप. त्यांच्या कामाला पूर्णेचं तहसील कार्यालय उपयोगाचं नसतं. त्यांना स्कॅनर लागतो, ईमेल उघडून देणारा लागतो आणि इंग्रजी कागद मराठीत समजावून सांगणारा लागतो.

सात

सकाळचा सर्वर हलका असतो, म्हणून ओटीपीची कामं आधी. ई-केवायसीला बाईचा आधार, मग नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार, दोन्हीकडं ओटीपी. पहिल्याच बाईचा नवरा कोल्हापूरकडं ऊसतोडीला. ओटीपी त्याच्या खिशात वाजणार आणि तो फडात. फोन लावला, त्यानं कोयता ठेवून आकडे वाचून दाखवले, तोवर वेळ संपली. पुन्हा पाठवा. दुसऱ्या खुर्चीवर सासू, तिच्या मागं सून, सुनेच्या कडेला लेकरू, आणि लेकराच्या हातात माझा स्टेपलर. महिन्याला १,५०० रुपयांचा प्रश्न आहे, कुणी रांग सोडत नाही.

साडेनऊ

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचाही महिना. हयातीचा दाखला दिल्याशिवाय पुढची पेन्शन निघत नाही. जीवन प्रमाण २०१४ ला आलं तेव्हापासून अंगठा लावला की काम होतं, पण अंगठा उठला तर. सगळं आयुष्य कापूस वेचण्यात गेलेल्या म्हातारीचा अंगठा काचेवर ठेवला की पडद्यावर नुसता काळा गोळा दिसतो. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटाच्या रेघा कुरतडून काढलेल्या. मी ओल्या फडक्यानं अंगठा पुसतो, उलीसं खोबरेल लावतो, थांबतो, पुन्हा ठेवतो. नाहीच जमलं तर मोबाईलवर चेहऱ्याची तपासणी करता येते. ‘डोळे मिचकावा’ म्हटलं की आजी दोन्ही डोळे गच्च मिटून घेते. सगळी रांग हसते.

अकरा

गुरुजी आले. आमच्या वर्गाला त्यांनी चौथीला शिकवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दुकानात पाऊल टाकलं की रांग आपोआप सरळ होते. सोबत काकू आणि काकूंच्या हातात कापडी पिशवी. पिशवीत दोन पासपोर्ट, कॅनडाच्या कायम रहिवासाची, म्हणजे पीआरची, दोन कार्डं, तिथं पहिल्यांदा उतरले तेव्हाचा सीओपीआरचा, म्हणजे पीआर पक्कं झाल्याचा कागद, आणि तिकिटांच्या घड्या.

“आधी हयातीचं कर,” गुरुजी म्हणाले, “मग आमचे दिवस मोज. पोरगं रोज विचारायलंय, बाबा दिवस किती झाले. मला काय माहीत बा.”

मुलगा ओंटारिओत ब्रॅम्प्टनला असतो. आईवडिलांना पीआर मिळावं म्हणून अर्ज करायचा तर आधी इच्छा नोंदवायचा फॉर्म असतो. जानेवारी २०१९ मध्ये तो ऑनलाईन फॉर्म उघडला आणि काही मिनिटांत बंदही झाला. त्या काही मिनिटांत याचा नंबर लागला. म्हणून गुरुजी त्या कार्डाला नुसतं प्लास्टिक समजत नाहीत. पोरानं मिळवलेली वस्तू आहे ती.

हयातीचं पाच मिनिटांत झालं. गुरुजींचा अंगठा खडूनं झिजलेला असला तरी उठतो. मग मी बाकीची रांग भाच्याकडं दिली आणि एक कोरा कागद घेतला.

नियम असा आहे. कॅनडाचा इमिग्रेशनचा कायदा जून २००२ पासून लागू आहे, त्याचं कलम २८. कुठल्याही पाच वर्षांत पीआर माणूस ७३० दिवस कॅनडात हजर असला पाहिजे. सलग असायची गरज नाही, तुकड्यातुकड्यानं चालतं. दिवसाचा काही भाग जरी तिथं गेला तरी तो पूर्ण दिवस धरतात. उतरून पाच वर्षं व्हायची असतील तर अधिकारी एवढंच बघतो, की उरलेल्या मुदतीत याचे ७३० भरू शकतात का. पाच वर्षांनंतर मात्र तपासणीच्या दिवसापासून मागं पाच वर्षं मोजतात. वाचायला सोपं आहे. गुंता पुढं होतो.

मोजायचे कशावरून? गुरुजींनी पासपोर्ट पुढं केला. टोरांटोच्या विमानतळावर मशिनपुढं उभं राहून आत जायचं असतं; पीआरवाल्यांच्या पासपोर्टावर बहुतेक वेळा शिक्का पडतच नाही. आपल्याकडचे शिक्के मात्र पडतात, जाताना एक, येताना एक. त्यावरून मोजायला बसलो तर पहिल्याच फेरीला अडखळलो. शाई फुटलेली, तारखेतला आकडा ९ आहे का १० ते भिंगाखालीही ठरेना. गुरुजी म्हणाले ९, काकू म्हणाल्या १०, आणि दोघंही बरोबर निघाले. टोरांटोहून विमान सुटलं ९ नोव्हेंबर २०२२ ला, दिल्लीत उतरलं १० ला. शिक्का १० चा. कॅनडाचा शेवटचा दिवस ९ चा. जाताना तसं होत नाही. मध्यरात्रीनंतर दिल्लीहून निघालं की तिथं त्याच तारखेच्या सकाळी माणूस उतरतो, दोन्हीकडची तारीख एक. म्हणजे नुसत्या आपल्या शिक्क्यांवर विसंबलं तर दर परतीला एक दिवस फुगतो. तिकिटं काढून ताडून बघितली, मग आकडे लिहिले.

गुरुजी: १८ मे २०२२ ते ९ नोव्हेंबर २०२२, १७६ दिवस. पुन्हा २ मे २०२४ ते २८ सप्टेंबर २०२४, १५० दिवस. एकूण ३२६. ७३० मधून गेले, राहिले ४०४.

“मग काय घाई आहे?” गुरुजी म्हणाले. “कार्डावर तर २०२७ चा जुलै लिहिलाय.”

इथंच बहुतेकांची गल्लत होते. कार्डावरची तारीख कार्डाची, दर्जाची नव्हे. कार्डाची मुदत गेली म्हणून पीआर जात नाही आणि कार्डाची मुदत आहे म्हणून पीआर सुरक्षितही नसतं. पाच वर्षं मोजायची ती पहिल्या उतरण्यापासून, सीओपीआरवरच्या १८ मे २०२२ पासून. ती भरतात १७ मे २०२७ ला. त्या दिवसापासून उलटं ४०४ मोजत आलो आणि कागदावर तारीख लिहिली: ९ एप्रिल २०२६. त्या दिवशी गुरुजी टोरांटोत असले पाहिजेत, आणि तिथून पुढं १७ मे २०२७ पर्यंत हलायचं नाही. मधे कुणाचं लग्न नाही, कुणाचं दहावं-तेरावं नाही, पोळा नाही, खरीप नाही.

गुरुजींनी कागद स्वतःकडं ओढून घेतला आणि लाल पेननं पुन्हा बेरीज केली. मास्तर आहेत. बेरीज बरोबर होती.

मग काकूंचा पासपोर्ट उघडला, आणि खरी गंमत तिथं. गुरुजी २०२२ च्या नोव्हेंबरात एकटेच परत आले होते, हयातीच्या दाखल्यासाठी. काकू सुनेच्या बाळंतपणाला थांबल्या, त्या ३१ मार्च २०२३ ला निघाल्या. त्यांचा पहिलाच मुक्काम ३१८ दिवसांचा. दुसरे १५० धरून ४६८. राहिले २६२. त्यांची शेवटची तारीख निघाली २९ ऑगस्ट २०२६.

“म्हणजे मला ऑगस्टापर्यंत राहता येतंय आणि यांना नाही?” काकूंनी विचारलं.

“हो काकू. प्रत्येकाचे दिवस वेगळे. नवराबायकोचं एकत्र खातं नसतं.”

“बघा,” काकू गुरुजींकडं वळल्या, “मी तेव्हाच म्हणलं होतं, थांबा म्हणून.”

हयातीच्या दाखल्यासाठी घाईनं परत यायची तेव्हा गरज नव्हती, हेही मला सांगावं लागलं. परदेशात असलेल्या पेन्शनरला भारतीय वकिलातीतून दाखला मिळतो. टोरांटोचा वाणिज्य दूतावास नोव्हेंबरात त्यासाठी शिबिरंही घेतो. गडबड होते ती वेगळी. ३ नोव्हेंबर २०२४ ला ब्रॅम्प्टनच्या हिंदू सभा मंदिरात असं शिबिर चालू असताना हाणामारी झाली, ती बातमी आपल्याकडच्या सगळ्या वाहिन्यांवर होती, आणि पुढची काही शिबिरं रद्द करावी लागली. पण सोय आहे. गुरुजी गप्प बसले. २०२२ च्या नोव्हेंबरापासून ते थांबले असते, तर आज दोघांची तारीख एकच असती.

दीड

लाईट गेली. इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर ठेवला. भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दुकानातच खाल्ला. गुरुजी-काकू पलीकडं भाचीकडं जेवायला गेले होते, पण त्यांचा विषय दुकानातच राहिला, कारण रांगेतल्या प्रत्येकाला त्यावर काहीतरी म्हणायचं होतं.

एकजण म्हणाला, दर सहा महिन्याला एक चक्कर मारली की झालं. हे अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचं अर्धवट ऐकलेलं आहे. तिथं दिवसांचा असा ठरलेला आकडा नाही, तिथं बघतात की हा माणूस अमेरिकेत राहायचं सोडून गेला का. वर्षाच्या वर बाहेर राहायचं असेल तर निघायच्या आधी री-एंट्री परमिट घ्यावं लागतं, नाहीतर नुसतं कार्ड दाखवून आत येणं अवघड. कॅनडाला चकरांशी देणंघेणं नाही. पाच वर्षांत दहा चकरा मारल्या आणि दिवस सहाशे झाले, तरी कमीच. एकच फेरी आणि दिवस ७३०, तरी पुरे.

दुसरा म्हणाला, पोरगा तिकडचा सिटिझन झाला की आईबापाचे दिवस माफ. नाही. माफी आहे, पण ती नवरा-बायकोची आणि लेकरांची. नवरा कॅनडाचा नागरिक असेल आणि पीआर असलेली बायको त्याच्यासोबत बाहेर राहत असेल, तर बाहेरचे दिवस धरतात. बावीस वर्षांखालचं, लग्न न झालेलं लेकरू नागरिक आईबापासोबत बाहेर असेल, तरी धरतात. पोरगा नागरिक आणि बाप त्याच्यासोबत, असं कलमात कुठंच नाही. शिवाय इथं तर पोरगा तिकडं आणि बाप इकडं.

तिसऱ्याचा पुतण्या टोरांटोच्या कंपनीत आहे आणि सध्या गावी राहून रात्री लॅपटॉपवर काम करतो. कंपनी कॅनडाची म्हणजे दिवस धरत असतील? कॅनडाच्या कंपनीनं किंवा सरकारनं स्वतः बाहेरच्या जागेवर पूर्णवेळ नेमून पाठवलं तर धरतात. घरची ओढ म्हणून आपण होऊन गावाला येऊन बसलो आणि काम ऑनलाईन केलं, तर ते नेमून पाठवणं होत नाही. रात्रभर टोरांटोच्या वेळेनं जागलं तरी दिवस ताडकळसचाच. बिचाऱ्याला हे कुणीतरी लवकर सांगायला हवं.

आणि चौथा, जो दर गावात असतो, हळूच म्हणाला, दोन-चार महिने इकडचे तिकडं लिहायला काय होतंय, शिक्का तर पडत नाही. मी त्याला सरळ सांगितलं, हे माझ्या दुकानात बोलू नको. २०२० पासून कॅनडा विमानानं बाहेर जाणाऱ्यांचीही नोंद ठेवतो. खोटं लिहिलेलं सापडलं तर पाच वर्षं दार बंद, आणि मग पोराच्या घरी पाहुणा म्हणूनही जाता येत नाही.

तीन

लाईट आली. रांगेत नव्या पिशव्या. कुणाचा अतिवृष्टीच्या मदतीचा विशिष्ट क्रमांक निघत नाही, कुणाला सोयाबीन हमीभावानं घालायचंय. हमीभाव यंदा ५,३२८ रुपये, पण माल ओला असेल तर परत आणावा लागतो, म्हणून लोक नोंदणी करून ठेवतात आणि वाळवत बसतात.

गुरुजी परत आले, एकटे. आता त्यांनी मनातलं विचारलं.

“मी २०२३ ला का गेलो नाही, तुला माहीत आहे.”

गावाला माहीत आहे. त्यांची आई अंथरुणावर होती. परभणीच्या दवाखान्यात नेणं-आणणं, मग घरीच सलाईन. जानेवारी २०२४ मध्ये ती गेली. मृत्यूचा दाखला मीच काढून दिला होता. गुरुजी एकुलते एक. आई गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आतच ते मे महिन्यात कॅनडाला गेले, पोराच्या आग्रहानं, आणि सप्टेंबराअखेर परत आले.

हे वाया जात नाही. दिवस कमी पडले तरी अधिकाऱ्याला माणुसकीची आणि सहानुभूतीची कारणं विचारात घ्यावी लागतात. कायद्यातच तसं आहे. जवळच्या माणसाचं आजारपण, मृत्यू, त्यासाठी अडकून पडणं, लहान नातवंडाचं हित, दर्जा गेल्यानं होणारा त्रास, हे सगळं मांडता येतं. पण कागदानिशी. म्हणून आज ती फाईल केली: डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, मृत्यूचा दाखला. दाखल्यावर मराठी-इंग्रजी दोन्ही असतं म्हणून त्याला भाषांतर लागत नाही. ग्रामपंचायतीचा नुसता मराठी कागद असेल तर इंग्रजी भाषांतर आणि ते करणाऱ्याचं शपथपत्र जोडावं लागतं.

मात्र गुरुजींनी पुढं जे विचारलं त्याला माझ्याकडं गोड उत्तर नव्हतं. धानोरा काळ्याच्या वाटेवर त्यांचं शेत आहे, कापूस आणि तूर. “आणि शेत? गडी टिकत नाही. ते कारण चालत नाही का?”

चालणं अवघड आहे. आईपाशी थांबणं भाग होतं. शेतासाठी थांबणं ही आपली निवड झाली. अधिकारी तेवढा फरक करतो, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. ज्या देशानं कायम राहायला बोलावलं, त्यानं पाचातली दोन वर्षं राहा म्हणणं काही फार नाही. फक्त सत्तरीच्या माणसाला ती दोन वर्षं कुठून काढायची हे कळत नाही, एवढंच.

“उशीर झाला तर? महिनाभर?”

मी त्याचंही गणित करून दाखवलं, कारण इथं लोक फसतात. समजा गुरुजी ९ एप्रिलऐवजी ९ मे २०२६ ला उतरले. १७ मे २०२७ ला त्यांचे ७०० दिवस होतील, तीस कमी. वाटतं की आणखी महिना थांबलं की भरतील. तसं होत नाही. त्या दिवसानंतर पाच वर्षांची चौकट रोज एक दिवस पुढं सरकते. नवा दिवस जमा होतो आणि मागून २०२२ च्या पहिल्या मुक्कामातला एक दिवस गळून पडतो. जमा एक, वजा एक. तूट तीसची तीसच. तो पहिला मुक्काम ९ नोव्हेंबरला संपला होता, म्हणून २०२७ चा नोव्हेंबर उजाडेपर्यंत आकडा हलत नाही, आणि तीस दिवस भरायला डिसेंबर लागतो. एक महिन्याच्या उशिराची भरपाई सात महिने. मधे कुणी विमानतळावर तपासलंच नाही तर निभावेल, पण तपासलं तर अहवाल होतो, आणि मग देश सोडण्याचा आदेशही निघू शकतो. त्यावर अपील असतं, तीस दिवसांत.

गुरुजी म्हणाले, “आणि इथूनच कार्ड संपलं तर?”

तर विमानात बसू देत नाहीत. पीआर कार्डाचं नूतनीकरण कॅनडात राहून करायचं असतं, ताडकळसहून नाही. बाहेर असताना कार्ड संपलं तर पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट मागावं लागतं, आणि ते देताना अधिकारी दिवस मोजतोच. नाकारलं तर साठ दिवसांत अपील. त्या आधीच्या ३६५ दिवसांत माणूस एकदा जरी कॅनडात जाऊन आलेला असेल, तर अपील चालू असेतो परत जायला कागद मिळतो. म्हणून जाऊन येणं अगदीच फुकट नसतं. पण त्यानं दिवसांची भरती होत नाही.

सहा

ब्रॅम्प्टनला सकाळचे साडेसात. घड्याळ मागं केल्यापासून फरक साडेदहा तासांचा झालाय. मुलगा ऑफिसला निघायच्या आधी बोलतो. गुरुजींनी मोबाईल टेबलावर स्टेपलरला टेकवून उभा केला. पडद्यावर नात आली, तिनं दात दाखवला आणि निघून गेली. काकू तेवढ्यासाठी परत आल्या होत्या.

मी कागद कॅमेऱ्यापुढं धरला. मुलानं तारीख मोठ्यानं वाचली. “म्हणजे मार्चच्या शेवटी या, बाबा. थंडी कमी होते. ज्वारीपण निघाली असेल.”

“ज्वारी निघेल रे. पुढचा खरीप?”

“बटईनं द्या.”

गुरुजी काही बोलले नाहीत. वडिलोपार्जित रान बटईनं देणं हे पोराला फोनवर दोन शब्दांत म्हणता येतं.

मग मुलानं माझ्याशी बोलून घेतलं. त्याला दुसरा मार्ग माहीत होता, पण वडिलांपुढं काढायचा धीर नव्हता: पीआर स्वतःहून सोडायचं आणि सुपर व्हिसा घ्यायचा. आईवडील-आजीआजोबांसाठीचा हा व्हिसा आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, आणि व्हिसा दहा वर्षांपर्यंत, कितीही वेळा जाण्यायेण्याचा मिळू शकतो. दिवस भरायची अट नाही. त्याच्या बदल्यात निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान वर्षभराचा आरोग्य विमा काढावा लागतो, वैद्यकीय तपासणी होते, आणि पोराचं उत्पन्न ठरलेल्या रेषेच्या वर असावं लागतं. पीआर असताना हा व्हिसा मिळत नाही; आधी ते सोडल्याचा अर्ज द्यावा लागतो. आणि एकदा सोडलं की पुन्हा मिळवायला २०१९ सारखं नशीब लागेल.

विम्याचं ऐकून गुरुजींनी मान हलवली. “पीआरवर तिथं दवाखाना फुकट आहे.” आहे, पण त्यालाही दिवस आहेत: ओंटारिओच्या आरोग्य कार्डासाठी बारा महिन्यांत १५३ दिवस त्या प्रांतात राहावं लागतं. हा हिशेब ७३० च्या हिशेबापेक्षा वेगळा. आणि तिथलं म्हातारपणाचं पेन्शन म्हणाल, तर त्याला अठराव्या वर्षानंतरचा निदान दहा वर्षांचा तिथला रहिवास लागतो. गुरुजींना ते मिळायचं नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

“सोड म्हणतोस का मग?” गुरुजींनी मुलाला विचारलं. आवाज मास्तरचा होता.

“मी कुठं म्हणतोय बाबा,” मुलगा म्हणाला. “तुम्ही ठरवा.” आणि त्याची लोकल यायची वेळ झाली.

गुरुजींनी कागदाच्या दोन प्रती मागितल्या. एक त्यांच्या डायरीत, एक काकूंच्या पिशवीत. पैसे विचारले, मी झेरॉक्सचे घेतले. बाकीचे घेत नाही, त्याचं कारण नुसता गुरूचा मान हे नाही. कॅनडाच्या इमिग्रेशनवर पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर तिथला वकील किंवा तिथल्या ‘कॉलेज’ म्हणवणाऱ्या नियामक संस्थेचा परवानाधारक सल्लागार लागतो. बाकी कुणी घेतले तर त्यांच्या कायद्यानं तो गुन्हा आहे. परभणी-नांदेडच्या चकचकीत ऑफिसात बसून ‘फाईल करून देतो’ म्हणणाऱ्याला आधी परवाना क्रमांक विचारावा. अपिलापर्यंत प्रकरण गेलं तर गुरुजींनी तिकडचाच माणूस गाठावा, हे मी मुलालाही सांगितलं.

साडेआठ

शटर अर्धं खाली केलं होतं, तेवढ्यात भाच्यानं मोबाईल पुढं केला. लाडकी बहीणच्या ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. पायरीवर बसलेल्या दोघी तिघींनी सुस्कारा टाकला आणि उद्याच्या नंबराच्या पिशव्या उचलून नेल्या. आपल्याकडं शेवटची तारीख अशीच असते, शेवटी सगळे सांभाळून घेतात. गुरुजींच्या कागदावरची तारीख या जातीची नाही. २०२० मध्ये कोविडनं विमानं बंद होती, तेव्हाचे दिवससुद्धा कॅनडानं सरसकट माफ केले नाहीत. ज्याचं त्यानं कारण मांडायचं, असंच ठेवलं.

माझं मत विचाराल तर काकूंनी जावं, आणि गुरुजींनी मार्चअखेर त्यांच्यासोबत जावं, पण एक वर्षाचा खरीप बटईनं द्यायची तयारी मनापासून असेल तरच. नसेल तर कार्ड पेटीत ठेवून २०२७ पर्यंत झुरण्यात अर्थ नाही. सरळ सोडल्याचा अर्ज करावा, पोराकडून विमा काढून घ्यावा आणि नातीकडं पाहुणे म्हणून ताठ मानेनं जावं. अर्धवट जाणं, म्हणजे ऑगस्टात निघणं आणि दिवाळीला परत येणं, हा सगळ्यात वाईट सौदा: तिकिटाचे पैसेही जातात आणि पीआरही.

तुमच्या घरात असं कार्ड असेल तर उद्याच पासपोर्ट बाहेर काढा. दोन्हीकडच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा, बोर्डिंग पास फेकू नका, आणि नवराबायकोचे दिवस वेगवेगळ्या कागदांवर मोजा. ताडकळसला आलात तर मी मोजून देईन. सकाळी लवकर या, लाईट असते.